बारा हात होकार

रोज सकाळी, चहाच्याही आधी, तारकाका गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार पुसायचे. ओलं फडकं चिमटीत धरून भिंतीपासून निघायचे आणि कठड्याच्या खांबापर्यंत चालत जायचे. मधे एका जागी थांबायचे, कारण तिथे तारेला जोड होता. जोडावरून अंगठा फिरवून टोकं आत वळलेली आहेत ना ते बघायचं, मग पुढे. शेवटाला पोचलं की नखाने एक टिचकी. टंऽऽग. मान कलती करून ते ऐकायचे आणि म्हणायचे, "सुरात आहे."

पलीकडच्या गॅलरीत दात घासत उभे असलेले शिंपी विचारायचे, "कुठल्या सुरात?"

"टॉवेलच्या."

हे चाळीसएक वर्षं रोज चाललं. प्रश्नही तोच आणि उत्तरही तेच. शिंप्यांच्या दाढेला ठणका असायचा त्या दिवशी ते नुसतीच भुवई उडवायचे, तरी उत्तर मिळायचंच.

तारकाका म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. नात्याने चुलतआजोबा, पण सगळी गल्ली त्यांना तारकाका म्हणायची म्हणून मीही तसंच म्हणायला लागले. घराखाली त्यांचं तारेचं दुकान होतं. ते इतकं अरुंद होतं की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला आधी पोट आत घ्यावं लागे. दोन्ही भिंतींवर खुंट्या आणि खुंट्यांवर तारेची भेंडोळी. दाराजवळ जाड, आत जाल तशी बारीक, आणि अगदी शेवटी, आरशाखाली, वाद्यांच्या तारा, कागदात गुंडाळून ठेवलेल्या.

"तार आहे का हो?" असं विचारणाऱ्याची तिथे धडगत नसे.

"कुठली? कपड्यांची, कुंपणाची, पिंजऱ्याची, सतारीची, भांडी घासायची, का डोक्यातली?"

"डोक्यातली?"

"सुटलेली असते काहींची. ती आमच्याकडे मिळत नाही."

कुणी "वायर द्या" म्हणालं तर ते शेजारच्या विजेच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. "वायर तिकडे. ती अंगभर कपडे घालून हिंडते. आमच्याकडे सगळ्या उघड्या."

तारेचा नंबर जसा वाढतो तशी ती बारीक होत जाते. आठ नंबर म्हणजे कुंपणाची दणकट, बावीस नंबर म्हणजे फुलं गुंफायची. तारकाका माणसंही याच हिशोबाने ओळखत. शिंपी बावीस नंबर. माझी आजी, म्हणजे त्यांची वहिनी, आठ नंबर. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा आठ म्हणजे बारीक असंच तिला वाटलं आणि ती दोन दिवस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिला समजावून सांगितलं. त्यानंतरचे चार दिवस तारकाका शिंप्यांकडे जेवले.

या दुकानाच्या आधी, तरुणपणी, ते खांद्यावर भेंडोळी अडकवून दारोदार तार विकत. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून खणखणीत आवाजात ओरडायचे, "ताऽऽर!" तेव्हा पोस्टाच्या तारा येत. तार आली म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच लोकांना ठाऊक. तारकाकांनी हाक दिली की अर्ध्या घरांतून रडण्याचे आवाज सुरू व्हायचे. एका घरात तर त्यांनी जिना चढेपर्यंत तीन बायकांनी गळ्यात गळे घातले होते, आणि कोण गेलं ते नक्की नसल्यामुळे प्रत्येक बाई वेगळ्या माणसासाठी रडत होती. शेवटी गल्लीतल्या चार वडीलधाऱ्यांनी बजावलं, तेव्हापासून ते "कपड्यांचीऽऽ तार!" असं ओरडू लागले. पण पोस्टाच्या तारेवरचा त्यांचा राग कायम राहिला. आपलं चांगलं नाव त्या अपशकुनी बाईने पळवलं, असं ते म्हणत. हा राग लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळे झाला.

एकतिसाव्या वर्षी त्यांच्यासाठी एक स्थळ आलं. मुलीचे वडील पिंजरे करायचे. पोपटाचे, सशाचे, उंदराचे. त्यांचं गाव रेल्वेने दिवसभराच्या अंतरावर. आजोबा, आजी आणि तारकाका मुलगी बघायला गेले. पुढच्या खोलीत छतापासून पिंजरे लटकत होते, सगळे रिकामे. एकातच पोपट होता. तारकाकांना काय बोलावं सुचेना. अशा वेळी त्यांचे हात कामाला लागतात. पोपटाच्या पिंजऱ्याचं दार त्यांना ढिलं दिसलं. खिशातून त्यांनी छोटी पक्कड काढली आणि बिजागरीची तार पिळून घट्ट करून टाकली.

तेवढ्यात मुलगी पाण्याचे पेले घेऊन आली. पिंजऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, हे काय केलंत? तो आपला आपण उघडतो आणि हिंडून परत येतो."

"मग परत ढिलं करू?"

"करा."

तारकाकांनी ते परत ढिलं केलं. दोघांचं बोलणं एवढंच. पोपट मात्र पुढे बराच वेळ बोलत होता, आणि ते काही चांगलं नव्हतं.

निघताना पिंजरेवाले सरळ म्हणाले, "आणखी एक स्थळ आहे. मुलगा इथल्याच तारखात्यात आहे. त्यांना उत्तर द्यायचंय, तेव्हा आमचं ठरलं की तुम्हाला लिहितो." मग दारापर्यंत येता येता हळूच म्हणाले, "तुमची तार एकदा बघायला पाहिजे हो. आमची हल्ली फार तुटते."

परतीच्या गाडीत आजीने विचारलं, "भाऊजी, कशी वाटली?"

"अठरा नंबर," तारकाका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "वाकते, पण तुटायची नाही."

"मुलगी आहे ती. पिंजरा करायचाय का तिचा?"

त्या रात्री गाडीत तारकाका झोपले नाहीत, आणि सकाळी उतरले तेव्हा त्यांचे डोळे असे तारवटले होते की हमालाने त्यांना हात धरून खाली उतरवलं.

बुधवारी दुकानात पोस्टकार्ड आलं. तारकाकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, ते पुढे जन्मभर जपलं, म्हणून मी वाचलेलं आहे. "मुलीला व आम्हाला स्थळ पसंत आहे. आपला होकार असल्यास शनिवारी संध्याकाळच्या आत तार पाठवावी. लांबड नको, थोडक्यात असावी. तार न आल्यास आपला विचार नाही असे समजून दुसरीकडे होकार कळवू."

आता दिवसभर ज्याला "तार पाठवावी" अशीच पत्रं येतात, त्याने याचा काय अर्थ लावावा? पोस्टाची तार म्हणजे मरणाची बातमी. लग्नाच्या कामात असली तार कोण मागवेल? शिवाय पिंजरेवाले तोंडाने म्हणाले होते, तुमची तार बघायला पाहिजे. तारकाकांना सगळं लख्ख समजलं. मुलीचा बाप आधी माल पारखून घेणार होता. जावयाची तार चांगली, तर जावई चांगला. त्यांना ते अगदी रास्त वाटलं.

घरी ते एवढंच म्हणाले, "पसंत आहे म्हणतात. तार पाठवायला सांगितलीय, शनिवारच्या आत."

"मग पाठव की लगेच!" आजोबा पानावरून अर्धे उठले. "वाट कसली बघतोस? काय पाठवायचं ते कळतंय ना?"

"दादा, ते आता मला शिकवतोस?"

आजोबा निर्धास्त होऊन परत जेवायला बसले.

मग तारकाकांनी दुकान बंद केलं आणि आतून कडी लावली. जस्ताचा मुलामा दिलेली अठरा नंबर काढली. सात वेळा एकाच जागी वाकवून बघितली, तुटली नाही. फडक्याने पुसली आणि दिव्यासमोर धरून तिच्यातले पीळ सरळ केले. फक्त एक गोष्ट अडली. ती विचारायला ते शिंप्यांकडे गेले.

"थोडक्यात म्हणजे किती?"

"कशाचं?" शिंप्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"समजा, मुलीच्या बापाने मागितलंय."

शिंप्यांनी विचार केला. "बाप कंजूष आहे का?"

"लांबड नको म्हणतो."

"मग बारा हात. त्याहून कमी दिलं तर आपण कंजूष दिसू."

बारा हात तार कापली. मग तारकाकांनी कानस घेऊन दोन्ही टोकं घासली, आणि पकडीने ती आत वळवून बारीक नाकी केली. ताटलीएवढं भेंडोळं झालं. ते बुटाच्या खोक्यात घालून गुरुवारी सकाळी ते पोस्टात गेले. आत शिरताच एका खिडकीवर मोठी पाटी दिसली, 'तार'. ते थेट तिथे गेले.

खिडकीतल्या तारमास्तरांनी वर न बघता विचारलं, "तार करायची आहे?"

"केलेली आहे. पाठवायची आहे."

"शब्द किती?"

"शब्द नाहीत. बारा हात आहे."

तारमास्तरांनी वर बघितलं. "तातडीची आहे का साधी?"

"साधी कशी असेल? जस्त चढवलेली आहे."

तारमास्तरांनी खोकं बघितलं, तारकाकांकडे बघितलं, आणि सरकारी नोकरीत माणूस जे शिकतो ते केलं. पलीकडे बोट दाखवलं. "पार्सलची खिडकी तिकडे."

"पाटी तारेची लावता आणि तार घेत नाही," असं पुटपुटत तारकाका पलीकडे गेले.

शुक्रवारी दुपारी खोकं मुलीच्या घरी पोचलं. आतलं भेंडोळं जमिनीवर मधोमध ठेवून सगळे भोवती बसले. चिठ्ठी नव्हती. ती असावी असं तारकाकांना वाटलंच नव्हतं.

"हा होकार का नकार?" पिंजरेवाल्यांनी विचारलं.

"वेटोळं आहे," मुलीचे मामा म्हणाले. "म्हणजे त्यांनी प्रकरण गुंडाळलं."

"गळफास वाटतोय मला तर," आई म्हणाली.

मुलीच्या आजीने डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. "गोल आहे. बांगडीच ती. होकार!"

"एवढी मोठी बांगडी कुणाला होईल, आई? म्हशीला?" पिंजरेवाले म्हणाले.

मामांनी तारखात्यातल्या मुलाचं कौतुक काढलं. त्या मुलाने त्याच सकाळी रीतसर तार केली होती, स्वतःच्याच कचेरीतून समोरच्याच गल्लीत, वळणदार अक्षरात. कोड्यात बोलणारा जावई काय करायचाय? उद्या मीठ संपलं तर बायकोला खडा पाठवेल. पिंजरेवाल्यांनाही ते पटायला लागलं. मामा टोपी शोधायला उठलेसुद्धा.

मुलीने भेंडोळं उचललं. एका जागी सात वेळा वाकवून बघितलं. तिच्या घरातही तार अशीच बघत. मग टोकं चाचपली आणि तिथेच तिची बोटं थांबली.

"होकार आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"टोकं बघा. घासून आत वळवलीत. उघडणाऱ्याच्या बोटाला लागू नयेत म्हणून. नकार देणारा माणूस टोकं वळवत बसतो का?"

पिंजरेवाल्यांनी टोकं बघितली. त्यांचा जन्म तारेची टोकं बोटांत घुसवून घेण्यात गेला होता. त्यांनी टोकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ते खरं असेल. पण मी लोकांना काय दाखवू? टोकं? शब्दांत यायला पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो."

शनिवारी सकाळी मुलगी स्वतः पोस्टात गेली. साडेबाराच्या सुमाराला आमच्या दारात पोस्टाच्या माणसाने हाक दिली, "ताऽऽर!"

आजीने ताबडतोब भोकाड पसरलं.

"अहो बाई, उघडा तरी!"

"काय उघडू? गेलं ना कुणीतरी? माझ्या माहेरचं का सासरचं तेवढं सांगा!"

आजोबांनी कागद उघडला आणि मोठ्याने वाचला. "तार मिळाली. पसंत आहे. आता शब्दांची तार पाठवा. बाबा ऐकत नाहीत."

तारकाका दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग नुसताच कोरेपणा, आणि मग कुणीतरी पायाखालची फळी काढावी तसं काहीतरी.

"शब्दांची म्हणजे?" ते म्हणाले.

आजोबांनी विचारलं, "तू काय पाठवलंस?"

"बारा हात. अठरा नंबर."

आजी रडता रडता थांबली आणि हसायला लागली. तिला हसू आवरेना, म्हणून ती परत रडायला लागली. शनिवारी तारेची खिडकी एक वाजता बंद होई आणि सोमवारीच उघडे. घरात जी तारांबळ उडाली तिच्यात तारकाकांच्या एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात आजीची गेली, आणि ते तसेच धावत सुटले. मागून शिंपी, टाचण्या तोंडात तशाच.

एकला दहा मिनिटं असताना ते खिडकीपाशी पोचले. तारमास्तरांनी वर बघितलं आणि या वेळी ओळखलं.

"आज किती हात?"

"शब्दांची," तारकाका धापा टाकत म्हणाले.

कागद पुढे सरकला. तारकाकांनी लिहिलं, "हो."

"एवढंच?"

"थोडक्यात मागितलीय."

"अहो, कुणाचा हो? खाली काहीतरी लिहा."

तारकाकांनी लिहिलं, "तारवाला." तारमास्तरांनी ते खोडलं. "तारवाला म्हणजे आम्ही. तिकडचा माणूस समजेल मीच लग्नाला उभा आहे. तीन मुली आहेत मला." शिंपी काहीतरी सुचवत होते, पण टाचण्यांमुळे ते कुणाला कळलं नाही. शेवटी तारकाकांनीच पेन घेतलं आणि जी तार गेली ती अशी, "हो. बारा हातवाला."

तिकडच्या कचेरीत ती कुणी उतरवून घेतली असेल? तारखात्यातल्या त्याच मुलाने. कट्ट, कड, कट्ट करत अक्षरं आली, त्याने वळणदार अक्षरात लिहिली, पत्ता बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला. दडपून ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं. पण तो कामाला चोख. स्वतः सायकलवरून नेऊन दिली. पिंजरेवाल्यांच्या हातात कागद ठेवत एवढंच म्हणाला, "आपल्याला बुवा हात दोनच आहेत."

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा सामानात ते भेंडोळं होतं. तारकाकांनी ते गॅलरीत बांधायला घेतलं आणि मग कळलं, गॅलरी तेरा हात आहे. दुकानात मैलभर तार पडलेली. पण काकू म्हणाल्या, "हीच लावायची." म्हणून एका हाताचा तुकडा जोडला. त्या जोडात जन्मभर सगळ्यांचे कपडे अडकले. आजोबांच्या सदऱ्याला भोक पडलं की आजी तारस्वरात विचारायची, "एवढी तार विकता, भाऊजी, घरात एक धड नाही का?" तारकाका जोडाची टोकं आणखी आत वळवायचे. तरीही काहीतरी अडकायचंच.

"तुमचे काका आज तारेत दिसतात," कुणी गमतीने म्हणालं तर काकू म्हणायच्या, "ते कायमच तारेत असतात. बाटली लागत नाही."

त्यांचं वैर फक्त एका गोष्टीशी होतं, बिनतारी. शिंप्यांनी रेडिओ आणला, तेव्हा त्यांनी वर हवेत बघून विचारलं होतं, "आणि तार कुठाय?" नाही म्हटल्यावर ते आठवडाभर शिंप्यांशी बोलले नाहीत. हा आपल्या पोटावर पाय आहे, असं त्यांचं मत. पुढे मी त्यांना मोबाइल दिला, तर दुसऱ्या दिवशी त्याला बावीस नंबरची तार गुंडाळून त्यांनी तो खुंटीला बांधून टाकला होता. फोन आला की त्या कोपऱ्यात उभं राहून बोलायचे, कारण फोन खुंटीवरून निघत नसे.

पोस्टाची तार बंद झाली त्या दिवशी निवृत्त तारमास्तर दुकानात येऊन बसले. मग तारमास्तर म्हणाले, "आता तारवाले तुम्ही एकटेच." तारकाकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी उठून मास्तरांना भांडी घासायच्या तारेची एक घासणी दिली, फुकट. आणि तिला टोकं नसतात तरी उलटसुलट करून बघितली.

शेवटचं वर्षभर ते गॅलरीजवळच्या खाटेवर असायचे. तार मी पुसायची, टिचकी मी मारायची, सुरात आहे का नाही ते मात्र तेच सांगायचे. शिंप्यांच्या तोंडात आता दात नव्हते, पण प्रश्न ते विचारायचेच.

त्या दिवशी दुपारी न्हाणीतल्या बादलीची कडी निखळली होती. काकू आत भाजी निवडत होत्या. मी खाटेपाशी जमिनीवर बसून तारेच्या तुकड्याने कडी बांधत होते. बांधून झाली, बादली उचलून बघितली, पक्की होती. मी उठायला लागले.

तारकाकांनी डोळे उघडून बादलीकडे बघितलं.

"टोकं आत वळव गं," ते म्हणाले. "काकूच्या हाताला लागतील."